शाबास म्हणणारा बोर्ड

शाळा सुटायची वाट पाहत ज्या बाया गेटवर उभ्या राहतात, त्यांच्याजवळ किस्से आपोआप साचतात. आम्ही हसतो, तेवढ्यात पोरं येतात. मी त्यातलीच एक. सातवी शिकले अन् लग्न झालं. माझी परी दुसरीत आहे. तिला वाचता यावं, एवढाच माझ्या जिवाला घोर. बाकी सारे किस्से त्याच्याच भोवतीचे.

*

बोटानं चालणारा मोठा बोर्ड शाळेत आला, त्या दिवशी नारळ फुटला. परीच्या वर्गातल्या रियाची आई मंदाबाई, तिनं बोर्डाला कुंकू लावलं, वरून झेंडूचा हार सोडला. सरांनी बटण दाबलं, तर बोर्ड पिसाळला! कोणी हात लावत नाही अन् धडे आपोआप उघडून राह्यले, बंद होऊन राह्यले. ससा आला, गेला. बेरीज आली, गेली.

मंदाबाईनं हात जोडले. "बाप्पा! अंगात आलं वाटते याच्या!"

काचेला टेकलेली फुलं बोर्डाला बोटंच वाटतात, हे सरांना दुपारी कळलं. तोवर पोरांचा पहिला धडा झेंडूनंच शिकून घेतला होता!

*

हळद उकळायच्या दिवसांत आमच्या घरी लहानमोठ्या साऱ्यांचे हात पिवळे. सरांनी नियम काढला, ज्याचे हात स्वच्छ त्यानंच बोर्डाला बोट लावायचं. परी रोज मागे बसायची. मी लिंबू चोळलं, राख चोळली. पोरीची कातडी लाल झाली, पण नखांतली हळद हलेना. शेवटी शाळेत गेले.

"सर, हळद हाये वो ते, घाण नाई."

"ताई, बोर्ड नवीन आहे!"

पोरगी जुनी होती म्हणायची.

*

एकदा गावची विजेची डीपी जळली. आठवडाभर लाईट नाही. पोरं दिवसभर मैदानात. मी म्हटलं, "सर, तवरिक पुस्तकातून शिकवा ना."

"पुस्तकं कपाटात ठेवली ताई."

"मंग काढा न."

"कशी काढू? भिंतीतल्या कपाटावरच तर बोर्ड ठोकला!"

*

पालकसभेत सरांनी मोबाईलवर बोर्डानं परीला दिलेले स्टार दाखवले. सगळे भरलेले! बाकीच्या पोरांचेही भरलेले.

मी घाबरत उठले. "पण सर, तिले वाचता येत नाई."

"असं कसं? सिस्टिममध्ये ती वरच्या लेव्हलला गेली आहे."

"मंग घरी काऊन वाचत नाई?"

"ताई, घरी तुमच्याकडे सिस्टिम कुठं आहे?"

साऱ्या बाया हसल्या. मीही हसले. काय करता!

*

घरी येऊन पाटीवर चार शब्द लिहिले. "यातलं कमळ कोनतं, सांग."

परीनं पहिल्या शब्दावर बोट ठेवलं अन् माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. तिथं माझा चेहरा जरा खुलला असेल. तिनं लगेच टाळ्या वाजवल्या. "शाबास, परी!"

पाटीकडे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. बोर्डावरही असंच असते म्हणे. एक चौकोन नाही लागला तर दुसरा दाबायचा, कधीतरी शाबास येतंच. मंदाबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुयी तोंडाकडं तरी पाह्यते वो! माही तं तेही पाहत नाई."

*

वर्षाच्या शेवटी मोठे साहेब आले. पालकांचं मतही बोर्डावरच घ्यायचं ठरलं. सरांनी पोरांच्या खेळासारखाच प्रश्न बनवला होता, 'तुम्ही शाळेवर समाधानी आहात का?' खाली दोन तोंडं, एक हसरं, एक रडकं.

मंदाबाईनं हसरं दाबलं. बोर्डावर फुलं उडाली, टाळ्या वाजल्या. साहेबांनीही वाजवल्या.

माझी पाळी आली. परी आता तिसरीत जाणार, अन् तिला अजून एसटीची पाटी वाचता येत नाही. हे सांगायला मला एवढीच जागा मिळाली होती. मी रडकं दाबलं.

"अरेरे! पुन्हा प्रयत्न करा!" बोर्ड म्हणाला.

मी पुन्हा रडकंच दाबलं.

"अरेरे! पुन्हा प्रयत्न करा!"

सर जवळ येऊन पुटपुटले, "ताई, यात एक उत्तर बरोबर म्हणून टाकावंच लागते. दाबा लवकर, मागे लाईन आहे."

मी बोट उचललं नाही. बोर्ड अरेरे, अरेरे करत राहिला. पोरं खिदळायला लागली. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

परी जागेवरून उठून आली. माझा पदर ओढला अन् हळूच म्हणाली, "आई, हसरं दाब न. मंग सोडते तो आपल्याले."