घुमीची भांडणं

एकदा दिवाळीच्या तोंडावर मी माझ्या धाकट्या जावेशी अबोला धरला होता. कारण असं, की ती मला म्हणाली होती, तुमी नोकरीवाल्या बाया, तुमच्या हातचा चिवडा आमी गोड मानून घेऊ. अडचण एवढीच होती की हे ती म्हणालीच नव्हती. ती असं म्हणेल, हे मी अकोल्याहून परत येताना गाडीत बसल्या बसल्या ठरवलं होतं. मग मी तिला सणसणीत उत्तर दिलं, तिचं प्रत्युत्तर आलं, मी पुन्हा तिला गप्प केलं. मूर्तिजापूर मागे पडलं, कुरुम मागे पडलं, आणि बडनेऱ्याला उतरेपर्यंत मी इतकी पेटले होते की दार उघडणाऱ्या त्या बिचारीकडे मी पाहिलंसुद्धा नाही. दोन दिवसांनी तिनं विचारलं, काहून वो ताई, माह्यं काही चुकलं का? आता काय सांगणार, कपाळ? मीच चिवड्याचा डबा घेऊन तिच्याकडे गेले. तिनं मूठभर खाल्ला आणि खारट झाला म्हणाली. हे मात्र ती खरोखर म्हणाली.

दिवास्वप्नं सगळेच बघतात. कोणी बंगला बघतं, कोणी परदेश बघतं, आमच्या स्टाफरूममधल्या एक मॅडम सतत चिखलदऱ्यात कॉफीच्या मळ्याशेजारी छोटंसं घर बघतात. मी भांडणं बघते. पोळ्या लाटताना, पेपर तपासताना, सगळ्यात जास्त म्हणजे गाडीच्या खिडकीशी. माझे ओठ हलतात, हात हलतात, भुवया चढतात, आणि मला पत्ताच नसतो. एकदा बडनेऱ्याच्या फलाटावर चहावाल्यानं ‘चाय?’ म्हणून विचारलं तर मी त्याला म्हटलं, जिवात जीव असेपर्यंत देणार नाही. तो किटली घेऊन पार दुसऱ्या टोकाला निघून गेला.

माझं माहेर अमरावतीचं. आईच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची, भडभडी आणि घुमी. थोरली बहीण भडभडी. मनात आलं की तोंडात आलं, आरडाओरडा केला, ताट वाजवलं, पाच मिनिटांत सगळं विसरून झोपली. मी घुमी. पाहुण्यांसमोर आई सांगायची, ही पोट्टी गरीब गाय आहे, हिले कोण्या घरी द्या, निभावून नेईन. पाहुणे माना डोलवायचे. मी पोह्यांच्या बशा उचलायचे आणि आत स्वयंपाकघरात त्या एकेका पाहुण्याला मनातल्या मनात उभा-आडवा झोडपून काढायचे. आईलाही सोडायचे नाही. पण हे कोणाला दिसणार? दिसायचं ते एवढंच, की पोरगी खाली मान घालून बशा धुते आहे. घुमा माणूस म्हणजे शांत माणूस, हा समज कोणी पसरवला त्याला एकदा भेटायचं आहे मला.

नवरा मिळाला तो तिसऱ्याच प्रकारचा. बडनेऱ्याला रेल्वेत नोकरी, सरळ माणूस. संध्याकाळी दारातल्या ओट्यावर शून्यात बघत बसतो. लग्न नवीन होतं तेव्हा मी विचारायचे, काय विचार करून राहिले? तो म्हणायचा, काही नाही. मला वाटायचं लपवतो आहे, माझ्याबद्दलच काहीतरी असणार, आणि त्यावरून मी त्याच्याशी मनात दोन-तीन मोठी भांडणं केलीसुद्धा. पुढे कळलं की त्याच्या डोक्यात खरंच काही नसतं. राग आला तर येतो, चहा पिईपर्यंत राहतो, जातो. मला हेवा वाटायचा त्याचा. आता वाटत नाही.

माझं खरं दुखणं वेगळंच होतं. मनात मी इतकी फाडफाड बोलायचे, पण खरं भांडण समोर आलं की रडू फुटायचं. दुःखानं नाही हो, रागानं. आधी डोळे भरायचे, मग इतके दिवस घासूनपुसून ठेवलेली वाक्यं कुठल्या कुठे पळून जायची. समोरच्याला वाटायचं, झालं, विरघळली. अकोल्याच्या ज्या मुलींच्या शाळेत मी शिकवते तिथं तर माझी ख्यातीच होती. मॅडमले काही बोलू नका, लगेच डोळ्यात पाणी येते. हे काळजीनं म्हटलं जायचं, म्हणून जास्त झोंबायचं.

माझी भांडणं ओळखणारी एकच बाई होती. तीही बडनेऱ्याहून अकोल्याला अप-डाउन करायची, उर्दू शाळेत शिकवायची, आणि रोज माझ्या समोरच्या खिडकीत बसायची. मी तिला आपा म्हणते. अकोल्याच्या अलीकडचं बोरगाव गेलं की ती विणकाम पिशवीत टाकायची आणि शांतपणे विचारायची, आज कौन जीता? मी सांगायचे, मीच. ती म्हणायची, रोज तूच जीतते, दुसऱ्याला बी चान्स दे कधी.

तर आमच्या मोठ्या मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका, रिटायर व्हायला आल्या आणि सेवाज्येष्ठतेनं पुढचं नाव माझं होतं. खाजगी शाळेत नोकरी केलेल्यांना पुढचं सांगावं लागणार नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. नियमानं मुख्याध्यापकाचं पद ज्येष्ठ असेल त्याला द्यावं लागतं. त्यानं स्वतःच लेखी नकार दिला तरच पुढच्याला मिळतं. म्हणून संस्थेच्या मर्जीतला माणूस खालच्या नंबरवर असला की वरच्याकडून गोडीगुलाबीनं नकार लिहून घेतात. आमच्या संस्थेत माझ्याआधी दोघी बायकांनी असा नकार लिहून दिला होता. एकीनं घरच्या जबाबदारीचं कारण दिलं, दुसरीनं तब्येतीचं. पुरुषांकडे कोणी असा कागद मागितलेला मी पाहिला नाही. माझ्या खालच्या नंबरवर जे सर होते ते संस्थेच्या सचिवांच्या रोजच्या बैठकीतले, त्यामुळे माझीही पाळी येणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

पण माझ्याकडून नकार मागायला कारण काय द्यायचं? ते पुण्याहून आलं. संस्थेनं एक दिवस सगळ्या शिक्षकांसाठी व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर ठेवलं. आलेला तरुण तज्ज्ञ चांगला होता, उगाच खोटं कशाला बोलू. त्यानं सांगितलं, माणसं चार प्रकारची असतात, अग्नी, वारा, दगड आणि पाणी. मग प्रश्न दिले. तुम्ही कल्पनेत हरवून जाता का? कल्पनेतल्या प्रसंगानं तुम्हाला खरा राग किंवा खरं रडू येतं का? मी मूर्खासारखी सगळी खरी उत्तरं दिली. मी निघाले पाणी. पाणी म्हणजे स्वप्नाळू, भावनाशील, ज्या भांड्यात ओताल त्याचा आकार घेणारं. तज्ज्ञ म्हणाला, कुठलाच प्रकार चांगला किंवा वाईट नसतो. ते वाक्य सचिवांनी ऐकलं नसावं, ते बाकीचं लिहून घेत होते.

पाणी म्हणे! अकोल्यात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे ठाऊक नसलेला माणूसच पाण्याला मुकाट चीज समजणार. आमच्याकडे पाणी आलं म्हटलं की लोक लग्नाच्या पंगतीतून उठून घरी पळतात.

आठवड्याभरात सचिवांचं बोलावणं आलं. आदल्या संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, कायले डोक्याले ताप करून घेतं, नकार देऊन टाक ना. मी म्हटलं, मला हवं आहे ते पद. त्यानं माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं आणि म्हणाला, पण तू तं तिथं रडशीन. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याच्या मनात काही नसतंच. पण मला ते फार लागलं, कारण ते खरं होतं. संसारात एवढी वर्षं काढून या माणसाला माझ्याबद्दल एक गोष्ट नेमकी कळली होती आणि ती हीच होती.

सकाळी गाडीत मी तयारी करत होते. मनातले सचिव ओरडत होते, टेबलावर हात आपटत होते, मी त्यांना एकेका वाक्यानं खाली बसवत होते. आपानं विणकाम बाजूला ठेवलं. काय झालं ते मी सांगितलं, आणि भीती वाटते तीही सांगितली, की रडू येईल आणि सगळं मातीत जाईल. आपाला त्यात काही विशेष वाटलं नाही. ती म्हणाली, “तो रो लेना. रो भी, बोल भी. दोनो काम साथ में होते ना. हमारी अम्मी रोते-रोते पूरे मोहल्ले को सुनाती थी.”

माझ्या आयुष्यात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. रडायचं असेल तर बोलायचं थांबवायचं आणि बोलायचं असेल तर रडायचं थांबवायचं, हेच मी धरून चालले होते.

सचिव ओरडले नाहीत. सगळा घोळ तिथंच झाला. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली. बाजूला संस्थेचे दोन सभासद होते, तेही हसतमुख. सचिव म्हणाले, तुमच्यासारख्या हळव्या, स्वप्नाळू माणसांनी शाळा जिवंत ठेवली आहे, पण कारभार करायला वेगळा स्वभाव लागतो, तज्ज्ञांनीच तसं सांगितलं, आम्हाला तुमची काळजी आहे. माझी सगळी उत्तरं ओरडणाऱ्या माणसासाठी शिवलेली होती, या गोड माणसाला त्यातलं एकही बसेना. त्यांनी टाइप केलेला नकार पुढे सरकवला. ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं त्यात लिहिलं होतं. माझे डोळे भरले. ओघळ हनुवटीपर्यंत आले.

सचिवांनी पाण्याचा पेला पुढे केला, पेन पुढे केलं आणि म्हणाले, शांत व्हा, घाई नाही, मग सही करा. एक सभासद दुसऱ्याला हळूच म्हणाला, पाहा, हेच म्हणून राहिलो आपण.

ते ‘पाहा’ माझ्या कानात शिरलं आणि मी बोलायला लागले. आवाज चिरका होता, मधे हुंदके येत होते, नाक वाहत होतं. मी म्हटलं, हो, मी स्वप्नाळू आहे. रोज जाता-येता याच शाळेची स्वप्नं बघते, आणि त्यात तुमच्याशीच भांडत असते. आणि मग एकेक भांडण बाहेर पडायला लागलं. मुलींच्या संडासाला कुलूप आहे आणि किल्ली ऑफिसात पुरुष कारकुनाजवळ, म्हणून मोठ्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. गच्चीवरची टाकी फुटलेली आहे. ग्रंथालय फक्त तपासणीच्या दिवशी उघडतं. प्रत्येकावर तुम्ही काय सबब सांगाल तेही मी सांगितलं आणि त्या सबबीवरचं उत्तरही दिलं, कारण त्या दोन्ही बाजू मी कितीतरी वेळा लढले होते. सचिव पुन्हा म्हणाले, मॅडम, आधी शांत व्हा, मग बोलू.

“शांतच होते आजवर,” मी म्हटलं. “आता रडतच बोलणार. तुम्ही ऐका. मला हे पद पाहिजे. नकार तुम्हाला पाहिजे, तर त्याच्यावर सही तुम्ही करा.”

पेला तेवढा मी उचलला आणि पाणी पिऊन टाकलं. कागद त्यांच्याकडे परत सरकवला आणि पदरानं नाक पुसत बाहेर आले. बाहेर कारकून उभा होता, त्याला वाटलं मॅडमनं सही केली, बिचाऱ्या रडताहेत.

संध्याकाळी आपानं विचारलं, आज कौन जीता? मी म्हटलं, माहीत नाही, पण आज आवाज निघाला. तिनं पिशवीतून काढून मला एक संत्रं दिलं. घरी नवरा ओट्यावर बसला होता. त्यानं विचारलं, रडली का? मी म्हटलं, रडले, नाक गळेस्तोवर रडले, आणि सही नाही केली. तो पुन्हा शून्यात बघायला लागला. सवयीनं मी विचारलं, काय विचार करून राहिले? लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तो ‘काही नाही’ म्हणाला नाही. म्हणाला, “विचार करून राहिलो का मले हे आधी काहून नाही समजलं.”

नकार नसल्यामुळे त्यांचा इलाज चालला नाही. जूनमध्ये मी मोठ्या मॅडमच्या खुर्चीत बसले. त्याच सकाळी संडासाचं कुलूप काढायला लावलं आणि किल्लीसकट माझ्या ड्रॉवरमध्ये टाकलं. गाडीत अजूनही भांडते. जावेशी आता जपून भांडते. आणि रडणं? ते कुठं जाणार? मागच्या महिन्यात संस्थेच्या बैठकीत टाकीचा विषय निघाला. पुढच्या वर्षी बघू म्हणून दोघं-तिघं पान उलटायला लागले. माझ्या डोळ्यात पाणी आलं. मी घसा खाकरला, एवढंच. सचिवांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कारकुनाला म्हणाले, टाकीचं काम मंजूर, लिहून घे.