मागची कौलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. मग तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही. ऐका फक्त.

मी कुवेतला, राई नावाच्या भागात, पत्र्यांच्या गोदामात सुपरवायझर आहे. त्यामुळे रत्नागिरीकडच्या आमच्या घरी छपराचा विषय निघाला, की थोरला भाऊ म्हणणार, "त्याला विचारा, पत्र्यातलं त्याला कळतं." कळतं हो! कुठला पत्रा वाऱ्याला टिकतो, किती स्क्रू लागतात — सगळं कळतं. म्हणून तर जास्त लाज वाटते.

तीन वर्षांपूर्वी घरावर पत्रे घातले. निळे, चकचकीत. पण फक्त पुढच्या अंगाला, रस्त्यावरून दिसतं तेवढ्यालाच. आम्हा गल्फवाल्यांची खोडच ती, आधी दर्शनी बाजू! मागे वहिनीचं स्वयंपाकघर, तिथे जुनी कौलं तशीच. "पुढच्या सुट्टीत करू," म्हटलं.

मग घराचा विमा काढला. फॉर्म मीच भरला — अब्बासियातल्या माझ्या खोलीवरून कामावर जाताना, कंपनीच्या बसमध्ये, मोबाइलवर. पूर्ण छप्पर पत्र्याचं असेल तर हप्त्यात सूट होती. 'पूर्ण' हा शब्द मी वाचला नव्हता का? वाचला होता. दोनदा. तरी 'होय'वर बोट टेकवलं आणि पुढून काढलेला फोटो जोडला. वाचलं किती, तर इथल्या दोन बिर्याण्यांचे पैसे. तेव्हा मात्र स्वतःला काय शहाणा समजलो होतो!

वादळ आलं आणि नेमकी मागची कौलं उडाली. भांडी, तांदूळ, शेगडी, सगळं चिखलात. विम्याचा माणूस पाहणीला आला, तेव्हा दादाने त्याला हाताला धरून मागे नेलं. "इथे कौलंच होती हो, पहिल्यापासून." खरं तेच सांगितलं बिचाऱ्याने. क्लेम नाकारला गेला. पत्र इंग्रजीत, माझ्या मेलवर आलं — फॉर्ममध्ये खोटी माहिती दिली म्हणून.

दादाचा फोन आला. "काय म्हणतात रे ते?"

आणि मी — कसं निघालं तोंडातून? — म्हणालो, "तू कौलांचं कशाला बोललास त्याच्याकडे? त्यामुळेच गेलं सगळं."

तो म्हणाला, "चुकलं रे माझं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

आणि मी काय केलं असेल? मोठ्या मनाने त्याला माफ केलं! "जाऊ दे दादा, होतं असं."

वहिनीने चार महिने ताडपत्रीखाली भाकऱ्या भाजल्या. नंतर माझ्या पैशाने मागच्या बाजूलाही पत्रे चढले. भावाने केलं, भावाने केलं, म्हणून दादा गावभर सांगत होता.

गेल्या सुट्टीत घरपट्टीचा माणूस आला. खोल्या किती, एवढंच त्याने विचारलं. दादा — ग्रामसभेत सरपंचाला सुनावणारा माझा दादा — माझ्याकडे बघून म्हणाला, "तू सांग बाबा. मी काहीतरी बोलून बसेन."

मी सांगितल्या. पाच. अगदी खऱ्या.