नाल्याकडची कॉइल

घाटकोपरचा सहदेव परब बावीस वर्षं एसी दुरुस्त करतोय, पण गिऱ्हाइकाशी गोड बोलेल तर शपथ! खारदांड्याला खाऱ्या वाऱ्याने सडलेली कॉइल दिसली की कंपनीच्या फॉर्मवर बेधडक लिहायचा, ‘गंज. वॉरंटीत बसत नाही.’ बाया रडायच्या, बाप्ये शिव्या घालायचे. हा ढिम्म.

मग पाळी त्याच्याच घरावर आली. बायको वनमाला, तिला नसांचा आजार. उकाडा वाढला की पाय उचलेनासे व्हायचे. गारव्यात मात्र ती भिंतीला धरून ओट्यापर्यंत जायची, आपला चहा आपण करायची. त्यासाठीच त्याने एसी घेतला. पण सोसायटीचा नियम असा, की रस्त्याकडच्या भिंतीवर काही टांगायचं नाही; बाहेरचं मशीन मागे, पाइपांच्या अरुंद डक्टमध्येच. खाली उघडा नाला. नाल्याच्या वाफेने कॉइलचं तांबं सडतं हे गावभर सांगत फिरणारा हा शहाणा नियमापुढे मुकाट्याने वाकला. दीड वर्षात कॉइल सडून गळली, गारवा बंद. तीही ऐन मेमध्ये!

तपासायला त्याच्याच सेंटरमधला निलेश आला.

“काका, कारखान्यातला दोष म्हणून टाकतो ना. वॉरंटीवाल्यांना कॉइल उद्या मिळते. बाकीच्यांना जूनअखेरीशिवाय नाही, माहितीये ना तुम्हाला?”

“खोटं लिहायचं नाही रे. लोकांना जे लिहिलं, तेच मला लिही.”

निलेशने दोनदा विचारलं. मग फोटो काढले, मोबाइलवर फॉर्म भरला आणि गेला. सहदेवची छाती जरा फुगलीच.

दुपारी वनमाला उठायला गेली. पाय हललेच नाहीत, पलंगावरून खाली कोसळली बिचारी. सहदेवने तिला उचलून पलंगावर निजवलं. त्याने निलेशला फोन लावला.

“अरे, बदल तो फॉर्म! काय वाट्टेल ते लिही.”

“काका, फोटोसकट वर गेला तो. आता नाही बदलत.”

ओली चादर घेऊन तो तिच्या पायाशी बसला. रडू आवरेना त्याला.

“माझ्याच्याने खोटं लिहवेना गं.”

“खोटं नाही लिहिलंत, तेही चाललं असतं,” वनमाला म्हणाली. “पण पाय माझे होते. मी इथेच होते, या पलंगावर. मला एकदा विचारायचं होतंत.”