आधी लेकराचं नाव विचारा

शिवकांताताई गेल्याचं मला त्यांच्या भाचीनं फोनवर सांगितलं. मी लातूरला आईकडे होते, मेथी निवडत बसले होते. "मावशी गेली," एवढंच बोलून ती थांबली… मग म्हणाली, "तिच्या डायरीत तुमचं नाव 'फॉर्मवाली रोहिणी' असं लिहिलेलं हाय. म्हणून तुम्हाला कळवलं." रडू यायच्या जागी मला हसू आलं, आणि त्या हसण्याचीच लाज वाटली. त्याला आता पाच-सहा आठवडे झाले.

ताई कंधारच्या एका शाळेत लिपिक होत्या. आमच्या नांदेडच्या छोट्याशा ऑफिसनं ती शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या सगळ्या शाळांसाठी ऑनलाइन प्रवेशाचं ॲप केलं होतं, आणि त्याचे पडदे, म्हणजे स्क्रीन, मी आखले होते. पहिल्याच हंगामात तक्रार आली की पालक अर्धवट सोडून निघून जातात. लोकांना वापरता येत नाही, समजावून ये, असं म्हणून साहेबांनी मला कंधारला पाठवलं. मीही तयारीनं गेले होते, रंगीत माहितीपत्रकं घेऊन. ताईंनी ती पत्रकं बघितली, नीट रचून कपाटावर ठेवली आणि म्हणाल्या, "मॅडम, समजावायचं नंतर. आधी त्या बाकड्यावर बसून बघा."

मी बसले. थोड्या वेळानं जवळच्या वाडीवरून एक बाई आली, सोबत सहा वर्षांची मुलगी, केसाला नवी रिबीन. आमच्या ॲपचा पहिला प्रश्न मोबाईल नंबरचा होता. त्या नंबरवर ओटीपी येणार, तो टाकल्याशिवाय पुढचं काही उघडणार नाही. घरात फोन एकच, आणि तो नवऱ्याजवळ, हैदराबादला, बांधकामावर. ताईंनी आपल्या फोनवरून त्याला तीनदा लावला. उचलला नाही. पडद्यावरचे आकडे उतरत उतरत शून्यावर आले आणि लाल अक्षरांत 'मुदत संपली' असं उमटलं. ती अक्षरं मीच लाल केली होती.

"त्यो कामावर हाय, उचलून नाही राहिला," बाई ओशाळून म्हणाली. "उद्या येते मी." तिनं मुलीचा हात धरला.

"थांब गं माय," ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, हळूच: "उद्या येते म्हणून गेलेली बाई कवा कवा पुढच्या वर्षी येते." त्यांनी कोरा कागद ओढला आणि खुर्चीतून वाकून मुलीला विचारलं, "तुझं नाव काय गं?"

"राधिका."

ताईंनी ते मोठ्या अक्षरांत लिहिलं, तिला दाखवलं आणि वर्गाकडे बोट केलं. "जा, बस. ही आता आमची झाली. तुमच्या मशीनला कळंल तेव्हा कळंल."

मी नांदेडला परत आले ती सगळा क्रम उलटा करायचा ठरवूनच. आधी मुलाचं नाव. मग एक छोटा क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायचा, म्हणजे अर्धं राहिलेलं दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू होईल. फोन, आधार, जन्मदाखला हे सगळं शेवटी, आणि तेही सवडीनं. साहेब ऐकेनात. पडताळणी शेवटी ठेवली तर खोटी नावं भरतील, म्हणाले. मी तिथल्या तिथं ताईंना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, खोटं लेकरू कोण आणून बसवतंय हो शाळेत?" पंधरा दिवसांनी नवा फॉर्म सुरू झाला.

तो घेऊन मी पुन्हा कंधारला गेले, तेव्हा ताईंनी भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला करून आणला होता. खाता खाता मी त्यांना सहज वय विचारलं. "खरं का रजिस्टरचं?" त्या म्हणाल्या. त्यांना शाळेत घालायला आजोबा गेले होते. गुरुजींनी जन्मतारीख विचारली, आजोबांना ठाऊक नव्हती, गुरुजींनी अंदाजानं जूनची पहिली तारीख आणि एक साल टाकून दिलं. ते साल दोन वर्षं आधीचं निघालं. "कुणी वाचून दाखवलं असतं तर आजोबा बोलले असते, दुष्काळाच्या पुढच्या साली झाली म्हणून. वाचलंच न्हाई कुणी. आता दोन वर्षं आधी घरी बसावं लागंल मला." आवाजात कुरकुर नव्हती. पण त्यांना ते काम किती आवडायचं हे मी बघितलं होतं… त्या संध्याकाळी बसमध्ये मी वहीत लिहिलं, भरलेलं सगळं शेवटी मोठ्या अक्षरांत दिसलं पाहिजे, पालकांनी हो म्हटल्याशिवाय पुढं जायचं नाही.

त्या निवृत्त झाल्या. "येऊन जा एकदा," असा त्यांचा फोन यायचा, आणि माझं काही ना काही काम निघायचं. शेवटी गेले तेव्हा त्या अंथरुणावर होत्या, हृदयाचं दुखणं. दम लागत होता, तरी विचारलंच, "पुढं जायचं ते बटन अजून बारीकच हाय का?" मोठं केलंय म्हटल्यावर मान हलवली. तीच शेवटची भेट. मी आधी जायला हवं होतं, हे आहेच.

गेल्या आठवड्यात प्रवेश सुरू झाले आणि मी शाळेत गेले. ताईंच्या जागी अश्विनी नावाची तरुण मुलगी आली आहे. कार्यालयातलं टेबल तिरकं लावलेलं होतं, संगणक लिपिकाकडे अर्धा आणि समोरच्याकडे अर्धा वळलेला. ताईंनी जाताना तसं लावून घेतलं होतं म्हणे. "मान दुखते हो माझी," अश्विनी म्हणाली. "पण सरळ करावं वाटत न्हाई." समोर एक आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या. अक्षरं त्यांना येत नव्हती, म्हणून अश्विनी पडद्यावर एकेका ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचत होती. आजी प्रत्येक ओळीला हाव, हाव म्हणत मान डोलवत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "न्हाई बाई, ते चुकलं. त्याच्या मायचं नाव सुनीता न्हाई, सुमित्रा हाय."

अश्विनीनं सुनीता खोडलं, सुमित्रा लिहिलं, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.