बाबांचं निर्णायक मत

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. शाळेत विज्ञान शिकवायचे मी. अंगारे-धुपारे करणाऱ्यांशी हटकून भांडायचे. तरीही हे लिहितेय, कारण त्या दुपारी खोलीत मी होते, दादा होता आणि... असो, नीट सांगते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वाशीला तेव्हा रेल्वे नव्हती. अर्ध्या इमारती रिकाम्या, खिडकीतून खाडीचा खारट वारा. तिथे आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. बाबा पूर्वी विधान परिषदेत तालिका सभापती होते — म्हणजे सभापती नसले की त्यांच्या खुर्चीत बसून वरचं सभागृह चालवायचे. कुणाची बाजू घ्यायची नाही, हा तिथला धर्म. तोच घरातही मुरला. सभापती उभे राहिले की सदस्यांनी खाली बसायचं असतं. बाबा उभे राहिले की आम्हीही खाली बसून गप्प! आजी आईला टाकून बोलायची तेव्हा आई बाबांकडे बघायची, आणि बाबा पेपरमागे. नवरा घरात असूनही बाई किती एकटी पडते, ते मी लहानपणीच पाहिलं.

बाबा गेले. तेरावं झालं आणि दुपारी दादाने विषय काढला.

"फ्लॅट विकू. आई माझ्याकडे नागपूरला येईल. इथे आहे काय? रस्त्यावर माणूस दिसत नाही!"

"तिला विचारलंस?"

"तिला काय कळतंय त्यातलं!"

"वा रे वा! घर तिचं आणि ठरवणार तू? मी नाही विकू देणार."

आवाज चढले. आई आत तांदूळ निवडत होती. आम्ही दोघंही उभी, अगदी हमरीतुमरीवर. आणि अचानक... दोघंही खाली बसलो. एकदम. दादा तर थेट फरशीवर — बँकेतला मॅनेजर माणूस! आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं. नुसतं जाणवलं, की कुणीतरी उभं राहिलंय. अंगावर सर्रकन काटा आला.

आई तांदळाचं ताट घेऊनच बाहेर आली. डोळे भरलेले.

"ऐकलंत ना? 'समसमान मतं. जैसे थे,' म्हणाले." मग तिला हुंदकाच फुटला. "उभ्या जन्मात पहिल्यांदा माझी बाजू घेतली गं ह्यांनी!"

मी गारच पडले. मतं समसमान पडली की सभापती मत देतो, आणि रिवाज असा, की ते आहे ते तसंच ठेवण्यासाठी द्यायचं. त्यात माया नसते, शिस्त असते. आई सभागृहाची पायरीही चढली नव्हती आणि घरात बाबा त्यावर कधी बोलले नव्हते. मला आणि दादाला ते मोठेपणी, बाहेरून कळलेलं. दादा सांगायला तोंड उघडणार, तोच मी डोळे वटारले. फ्लॅटचा विषय तिथेच मिटला.

आई शेवटपर्यंत त्या घरात एकटीच राहिली, पण मजेत. शेजारणींना सांगायची, "ह्यांनीच ठेवलंय मला इथे."

तिला आवाज कुठून आला, आम्ही का बसलो... याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. पण मला छळतं ते निराळंच. बाबा त्या दिवशी आईसाठी उभे राहिले, की रिवाजासाठी? जिवंत असताना विचारलं असतं, तरी सांगितलं नसतं त्यांनी.