मेल्यासारखं पड

“हात पुढे करू नकोस गं. मेलेला माणूस हात टेकत नाही.”

सर असं म्हणाले आणि वर्ग हसला. मी शिपायाच्या जुन्या, चपट्या गादीवर पालथी पडले होते. मंदारच्या हातात त्याच्या बाबांचा हँडीकॅम. “परत,” तो म्हणाला. मी उठले, परत पडले. परत हात पुढे गेला. जिवंत माणसाचा जातोच.

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका संस्थेत मी कॉम्प्युटर शिकत होते. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट गेमचा होता. गोळी लागली की गेममधला माणूस खऱ्यासारखा कोसळायला हवा. आधी गुडघा, मग कंबर, मग डोकं. उतारावर असेल तर गडगडत खाली. हे सगळं गणिताने घडवायचं, वजन किती, वेग किती, सांधा किती वाकतो ते कोडमध्ये लिहून. मला त्याचं वेड लागलं होतं. तेवढ्यासाठी मी काहीही सोसलं असतं, आणि सोसलंच.

गटात आम्ही तिघं. मंदार, सायली आणि मी. मशीन एक, खुर्च्या दोन. मी उभी. कीबोर्डला हात लावला की सायली म्हणायची, “थांब, बिघडवशील.” एकदा ती बाहेर गेली असताना मी दोन ओळी टाइप केल्या. परत आली, तिने पर्समधून रुमाल काढला आणि सगळी बटणं पुसली. माझ्या डोळ्यांदेखत, निवांत.

कोडसाठी नमुना म्हणून खऱ्या माणसाचं पडणं शूट करायचं होतं. पडून कोण दाखवणार, असं सरांनी विचारलं तेव्हा तीच बोलली. “हिला सवय असेल ना सर, सुरगाण्याची आदिवासी आहे, डोंगरातली.”

“बरोबर. काटक असतात ही लोकं.”

डोंगरातली माणसं पडत नाहीत, म्हणून तर डोंगरात जगतात. हे मी बोलले नाही. मला वाटलं, पडले तर खुर्ची मिळेल.

गादीवर पडताना माझे हात काही थांबेनात. शेवटी मंदारने माझी ओढणी मागितली आणि मनगटं मागे बांधली. सरांनी गाठ तपासली. “फार घट्ट नको,” म्हणाले. केवढी माया. मी पडले. हनुवटी फुटली. “परफेक्ट,” मंदार म्हणाला, आणि ते तिघं मशीनकडे वळले. ओढणी मला माझीच सोडवावी लागली.

आई तेव्हा निफाडकडे द्राक्षांच्या बागेत मजुरीला आली होती. होस्टेलवर भेटायला आली, हनुवटी बघून बसलीच.

“कोणी मारलं?”

“वर्गात पडले.”

“वर्गात कशी पडशील? तिथं काय दरड हाय?”

 तिने डबा पुढे सरकवला आणि विचारलं, “शिकवत्यात ना पण?”



प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले होते. मागे पालक. पडद्यावर डोंगर उगवला. डोंगरावर एक काळा माणूस, कमरेला पानं, हातात भाला. गोळी सुटली. तो पडला, गडगडत खाली आला. गुडघा वळायची ती तऱ्हा माझी होती. मान कलली तीही माझी. दोन्ही हात मागे. मंदारने त्याला परत उभा केला आणि परत मारला. लोक हसत होते. “अगदी खरा वाटतो हो,” सायलीची आई म्हणाली.

माझंच अंग वापरून ते माझ्याच माणसाला मारत होते.  मला राग आला. इतका राग मला तोवर कधी आला नव्हता.

“हिनेच पडून दाखवलंय सगळं,” सर कौतुकाने म्हणाले. “पड गं एकदा. पाहुण्यांना कळू दे.” गादी आधीच अंथरलेली होती.

“मी पडणार नाही, सर.”

“लाजतेस काय?”

“लाजत नाही. पडणार नाही.”

परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. “मग प्रोजेक्टमध्ये तुमचं काम काय?”

“मला कीबोर्डला हात लावू दिला नाही.”

सर हसले. “शिकायची इच्छा लागते, सर. यांना सगळं हातात आयतं हवं.”

मंदार, सायली फर्स्ट क्लासमध्ये पास. मी नापास. आईला मी खरं सांगितलं, सगळं, ओढणीसकट. ती उठली आणि बागेत कामावर निघून गेली.

पुढच्या सत्रात सरांनी मला दुसऱ्या एका गटात ढकललं. मी गेले नाही. शिपायाने लॅबचं कुलूप काढलं तशी आत शिरले आणि एका मशीनसमोर बसले. साधा चेंडू लिहिला. पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक नव्या चित्रागणिक त्याचा वेग थोडा वाढवायचा, जमीन लागली की उलटवायचा. चेंडू वेगात आला आणि जमिनीतून आरपार निघून गेला. मी बघत राहिले. चूक झाली होती, आणि ती माझी होती. त्या संस्थेत माझं म्हणावं असं ते पहिलंच काही होतं.

सर मागे येऊन उभे राहिले. “ऊठ. हे एकटीचं काम नाही. परत नापास होशील.”

“होईन. पण या खेपेला माझ्या चुकीने होईन.”

“ऊठ म्हणतो ना.”

मी वळून पाहिलं नाही. आता मला इथून कुणी उठवायचं तर ओढून काढावं लागेल, सगळ्यांच्या देखत. मी आपणहून उठणार नाही.