दिवसाला दिवस

"चारचाकीवाचून कोणाचं अडलं आहे?" असं आमचे हे लग्नापासून म्हणायचे, आणि खरंच काही अडलं नव्हतं. आमच्या कोंढ्याहून अड्याळचा बाजार मोटारसायकलवर, भंडारा एसटीने. पाहुणे गाडी घेऊन आले की मी पाणी द्यायच्या आधी हे त्यांना पेट्रोलचा भाव विचारायचे. मलाही हसू यायचं.

मग यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा भंडाऱ्याला जाऊन मशीनवर रक्त धुवायचं. जाताना एसटीने नीट जायचे, पण येताना अंगात उभं राहायचंही त्राण नसायचं. एकदा परतीच्या गर्दीत उभ्या उभ्या कोसळले. मोटारसायकलवर मागे बसवावं तर झोक जायचा. शेवटी समोरच्या घरच्या भाऊजींनी आपली गाडी काढली आणि मग दर फेरीला काढतच राहिले. "वयनी, पैशाचं नाव नोका काढू," एवढंच म्हणाले.

मी देवाचे आभार मानले. यांनी नाही मानले. आमच्याकडे धानाच्या रोवण्यात, म्हणजे भातलावणीत, तुम्ही माझ्या शेताच्या बांधीत एक दिवस राबलात, तर मी तुमच्या बांधीत एक दिवस राबायचं, दिवसाला दिवस. बैलजोडी, बैलबंडी, फवारणीचा पंप, सगळं असंच फिरतं आणि कोणाची मान खाली जात नाही. पण गाडीच्या फेरीला फेरी कुठून द्यायची? भाऊजींच्या गाडीत हे मागच्या सीटवर चोरासारखे बसायचे.

यंदाच्या रोवण्यात एका सकाळी उठले तर यांचं अंथरूण रिकामं. मनात नको ते आलं. मी आधी तळ्याकडे धावले, काठाकाठाने पाणी पाहत फिरले. तिथे नव्हते. सापडले ते भाऊजींच्या बांधीत. सुजलेले पाय चिखलात रुतलेले, मशीनची सुई टोचतात तो हात चिखल लागू नये म्हणून छातीशी धरलेला, आणि दुसऱ्या हाताने रोपं उपटणं चाललेलं.

"अजी, मरता काय? काहून उतरले चिखलात?"

"त्याच्या लय फेऱ्या झाल्या माया अंगावर. तेवढे दिवस फेडतो, मंग बसीन गाडीत."

"आन नाही फेडले गेले तं?"

हे रोपांची पेंढी बांधत होते. एका हाताने गाठ बसत नव्हती. "मंग नाही बसत," म्हणाले.

गाडीत नाही बसणार म्हणजे मशीन बंद, आणि मशीन बंद म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मला संताप आला. यांचा आला, गाडीचा आला, आणि उपकार करणाऱ्या त्या भल्या माणसाचाही आला. रडत रडतच मी पदर खोचला, बांधीत उतरले आणि यांच्या हातातून पेंढी ओढून घेतली.

"जा, बांधावर बसा. तुमचे दिवस मी भरीन."

हे बसले. संध्याकाळी एक दिवस फिटला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींची गाडी दाराशी आली, हे मुकाट्याने मागे बसले आणि फिटलेला दिवस पुन्हा अंगावर चढला. तेव्हापासून मी रोज त्या बांधीत उतरते. रोवणा आता संपत आलाय. त्यानंतर यांना गाडीत बसवायला मी कोणाच्या चिखलात उतरू, ते मला कळत नाही.